स्टेजवर गिटार लावायला कोणता ट्यूनर घ्यावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूरच्या राजारामपुरीत राहणारा एक मुलगा कॉलेजच्या बँडमध्ये इलेक्ट्रिक गिटार वाजवतो आणि एका भावगीतांच्या ग्रुपला अकूस्टिकवर साथ करतो. गेल्या गणपतीत मंडळाच्या स्टेजवर त्याचा क्लिपचा ट्यूनर (गिटारच्या डोक्याला चिमट्यासारखा लावायचा, तार कोणत्या स्वरात आहे ते दाखवणारा) ऐनवेळी भलतेच स्वर दाखवायला लागला. शेजारून हलगी-घुमकं चाललं होतं आणि स्टेजवर बेसवाला आवाज तपासत होता. शेवटी त्यानं अंदाजानं तारा लावल्या आणि पहिलं गाणं बेसूर गेलं. आता तो विचारतो, “काका, पेडल घ्यावं का? मोबाईलवरचं ॲप चालेल का? आणि महागातला घेतला तर खरंच फरक पडतो का?”

पेडल घे, म्हणजे गिटार आणि ॲम्पच्या मध्ये जोडायचा, पायानं चालवायचा ट्यूनर. क्लिप टाकून देऊ नकोस, ती बॅगेत राहू दे. ॲपचंही एक काम आहे, ते पुढं सांगतो. कारणं मात्र नीट समजून घे, कारण दुकानात गेलास की चार डबे समोर ठेवतील आणि चारही ‘एकदम भारी’ असतील.

पंचवीसेक वर्षं मी कोल्हापुरात आणि आसपास वाजवतोय. ऑर्केस्ट्रा, भावगीतं, लग्नातले संगीत, जत्रेतले कार्यक्रम, दिवाळी पहाट. एवढ्या वर्षांत ट्यूनरबद्दल मी दोनच गोष्टी आधी विचारायला शिकलो: हा स्वर कुठून ऐकतो, आणि मी तार लावत असताना लोकांना काय ऐकू येतं?

पहिली गोष्ट. ॲप माईकमधून ऐकतं. म्हणजे तुझी तार, शेजारचा तबला, निवेदक, समोरचे हजार लोक, सगळं त्याला एकदमच ऐकू येतं. क्लिपमध्ये माईकऐवजी पिझोची एक छोटी चकती असते. गिटारच्या डोक्याला जी थरथर पोचते तीच तिला कळते. घरात किंवा ग्रीन रूममध्ये हे उत्तम चालतं, कारण थरथरणारी वस्तू तिथं एकच असते. पण आपली मंडळाची स्टेजं कशी असतात? खाली बॅरल नाहीतर बांबू, वर फळ्या, त्यावर गालिचा. बेसचा ॲम्प त्याच फळ्यांवर, ड्रमसेट त्याच फळ्यांवर, आणि तुझे पायही त्याच फळ्यांवर. ती थरथर स्टँडमधून, तुझ्या अंगातून गिटारीत चढते. वर मोठ्या आवाजानं अकूस्टिकची पोकळ पेटी आपोआप घुमायला लागते ती वेगळीच.

हे स्वतः बघायचं असेल तर पुढच्या साऊंड चेकला एवढं कर. बेसवाला वाजवत असताना तुझ्या सहाही तारांवर तळवा दाबून ठेव आणि क्लिपकडे बघ. तू काहीच वाजवत नाहीयेस आणि पडद्यावर ‘ए’ नाहीतर ‘ई’ येऊन उभा राहिलेला दिसेल. तो स्वर तुझा नाही, फळीचा आहे. तुझ्या गणपतीच्या कार्यक्रमात नेमकं हेच झालं असणार. क्लिप बिघडलेली नव्हती, तिला जे कळत होतं ते ती इमानदारीनं दाखवत होती.

पेडल जॅकमधून थेट पिकअपचा, म्हणजे तारेच्या थरथरीचा विजेचा सिग्नल करणाऱ्या भागाचा, सिग्नल घेतं. इलेक्ट्रिकच्या पिकअपला स्टीलची तार हलली तरच सिग्नल मिळतो, शेजारी कितीही दणदणाट असो. अकूस्टिकच्या पिझो पिकअपमध्ये थोडी घुमारी येतेच, पण ब्रिजखालच्या (तारा पेटीवर टेकतात तिथल्या) पिकअपला तुझी तार बाकी सगळ्यापेक्षा कितीतरी जोरात ऐकू येते, त्यामुळे पेडल गोंधळत नाही. गिटारच्या आतच बसवलेल्या प्रीअँपमध्ये (पिकअपचा सिग्नल वाढवणाऱ्या यंत्रात) ट्यूनर असेल तर तोही याच सिग्नलवर चालतो. त्याची अडचण एवढीच, की त्याचा पडदा गिटारच्या कडेला असतो आणि अंधारात मान वाकडी करून बघावं लागतं.

दुसरी गोष्ट शांततेची, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. केशवराव भोसले नाट्यगृहात, २०२४च्या ऑगस्टमधल्या आगीच्या कितीतरी वर्षं आधी, एका भावगीतांच्या कार्यक्रमात मी साथीला होतो. निवेदिका पुढच्या गाण्याबद्दल बोलत होती. अगदी हळुवार, कवीच्या आईबद्दलचा प्रसंग होता. माझी दुसरी तार उतरली होती. मी क्लिप बघून ती लावायला घेतली आणि गिटारचा आवाज मिक्सरवर चालूच होता. ‘टँव… टॅंऽव… टँव…’ सगळ्या थिएटरभर. निवेदिका थांबली नाही, पण तिनं एकदा मागं वळून बघितलं. त्या नजरेचा मला आजही त्रास होतो. श्रोत्यांनी तिकीट काढून जे ऐकायला यायचं, त्यात माझी खुंटी पिळण्याचा आवाज नसतो.

पेडलवर पाय ठेवला की पुढं जाणारा आवाज बंद होतो आणि ट्यूनर चालू होतो. तू निवांत सहा तारा लावतोस, बाहेर काहीही जात नाही. पुन्हा पाय, आवाज परत. अकूस्टिक डीआयवरून (गिटारचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणाऱ्या डबीतून) मिक्सरला जात असेल तर याचा दुसरा मोठा फायदा म्हणजे गिटार बदलताना किंवा जॅक काढताना ‘ढप्प’ असा जो फटका बसतो तो बसत नाही. साऊंडवाला तुझ्यावर खूश राहील. माझ्या पेडलचा निम्मा वापर तर नुसता आवाज बंद करायलाच होतो.

इथं एक सापळा आहे, तो लक्षात ठेव. काही पेडलांना दोन आउटपुट असतात. बॉसच्या टीयू-३ला एक ‘आउटपुट’ आणि एक ‘बायपास’ अशी दोन भोकं आहेत. ‘बायपास’मध्ये केबल लावलीस तर ट्यूनर चालू असतानाही आवाज पुढं जातच राहतो. आपल्या पोरांनी दोन-तीनदा हेच केलंय आणि “पेडल म्यूट करत नाही” म्हणून दुकानात परत न्यायला निघाले होते. केबल ‘आउटपुट’मध्येच लावायची.

आता पेटी, म्हणजे हार्मोनियम. बाहेरची पुस्तकं आणि व्हिडिओ बघून तुला हे कळणार नाही, कारण त्यांच्याकडे पेटी नसते. ट्यूनर मध्य ‘ए’ म्हणजे पांढरी सहा ४४० हर्ट्झ धरून चालतो. कीबोर्डही ४४०वर असतो. पण आपल्याकडच्या जुन्या पेट्या सगळ्या ४४०वर असतातच असं नाही. कुणाची जरा चढी, कुणाची जरा उतरी. पेटी स्टेजवर लावता येत नाही, गिटार येते. म्हणून गिटारनं पेटीकडे जायचं. भावगीतांच्या कार्यक्रमात हा हट्ट मी कधी सोडत नाही.

आणि इथं ॲपची गरज पडते. ग्रीन रूममध्ये, पडदा उघडायच्या अर्धा तास आधी, पेटीवाल्यांना मध्य सप्तकातली पांढरी सहा धरायला सांग. नम्रपणे सांग, ते आपल्यापेक्षा मोठे असतात. फोन पेटीच्या मागं धर. ॲपमध्ये हर्ट्झचा आकडा दिसतो. ४४० आला तर काम झालं. ४४२ आला तर पेडलवरचं कॅलिब्रेशनचं (‘ए’ किती हर्ट्झचा धरायचा ते ठरवणारं) बटण दाबून ४४२ कर. बहुतेक चांगल्या पेडलवर ही सोय असते. कीबोर्डवाल्यालाही मास्टर ट्यून तेवढंच करायला सांग, नाहीतर तुम्ही दोघं पेटीबरोबर आणि तो एकटाच बाहेर, असं होईल. इलेक्ट्रॉनिक तंबोरा वापरणारे असतील तर तोही त्याच पट्टीला.

कार्यक्रम संपल्यावर आकडा परत ४४० करायचा. हे मी एकदा विसरलो. दुसऱ्या दिवशी ऑर्केस्ट्रा होता, पेटी नव्हती, फक्त कीबोर्ड. पेडल ४४३वर राहिलेलं. ट्यूनर सगळ्या तारांना हिरवा दिवा दाखवत होता आणि कीबोर्डबरोबर लांब सूर धरला की आवाज लाटांसारखा हलत होता. मध्य ‘ए’ला सेकंदाला तीन लाटा, कारण तिथं फरकच तीन हर्ट्झचा. सेंटच्या भाषेत तो सुमारे १२ सेंट होतो. सेंट म्हणजे एका अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग. गायकाला कळलं की काहीतरी चुकतंय, पण काय ते कळेना, आणि मी हिरवा दिवा बघून ठाम होतो की माझी गिटार बरोबर आहे. तेव्हापासून पेडल चालू केल्यावर माझी नजर आधी त्या आकड्यावर जाते, मग तारेवर.

पट्टीबद्दलही थोडं. गायक काळी एक म्हणतील, काळी दोन म्हणतील, गायिका काळी चार, काळी पाच म्हणतील. तू कॅपो (पट्टी चढवायला मानेवर तारांवर लावायचा चिमटा) लावशील किंवा सगळी गिटार अर्धा स्वर उतरवशील. म्हणून क्रोमॅटिक ट्यूनरच हवा, बाराही स्वर दाखवणारा. नुसते गिटारचे सहा स्वर ओळखणारा नको. कॅपो लावल्यावर तारा हमखास जरा चढतात, विशेषतः जाड तारा, तेव्हा एकदा पेडलवर पाय ठेवून बघायचं आणि मगच सुरू करायचं.

महागाचा प्रश्न. साध्या चांगल्या पेडलची अचूकता एक सेंट अशी लिहिलेली असते. टीयू-३चीही तेवढीच. स्ट्रोब प्रकारचे (सरकणाऱ्या पट्ट्यांनी स्वर दाखवणारे) ट्यूनर, उदाहरणार्थ पीटरसनचे, सेंटच्या दहाव्या भागापर्यंत जातात. टीसी इलेक्ट्रॉनिकच्या पॉलिट्यून ३ला स्ट्रोब मोडमध्ये सेंटच्या पन्नासाव्या भागाचा दावा आहे. ऐकायला फार मोठं वाटतं. पण हिशोब करून बघ. पाचवी तार, ११० हर्ट्झ. दोन आवाजांत एका सेंटचा फरक असला तर त्यांची एक लाट पूर्ण व्हायला सुमारे १६ सेकंद लागतात. सोळा सेकंद टिकणारा सूर आपण गिटारवर धरतो कधी? बोट जरा जोरात दाबलं तर तार त्याहून जास्त चढते. स्टेजसाठी एक सेंट पुष्कळ झाला. स्ट्रोबचे पैसे तेव्हा टाक, जेव्हा स्टुडिओत जायचं असेल किंवा ब्रिजवरचं इंटोनेशन (मानेवर वरपर्यंत बोट दाबलं तरी स्वर बरोबर येण्याची जुळणी) स्वतः लावायला शिकशील. त्या कामाला मात्र त्याला तोड नाही.

पैसे टाकायचेच असतील तर पडद्यासाठी टाक. संध्याकाळी पाचला शिवाजी विद्यापीठाच्या आवारात किंवा एखाद्या कॉलेजच्या मैदानावर गॅदरिंग असतं, उन्हं तिरकी स्टेजवर येतात आणि पेडल पायाशी, म्हणजे डोळ्यापासून पाच फूट लांब. काही पेडलांवर दिवे दिसतच नाहीत. टीयू-३मध्ये २१ दिव्यांची ओळ आहे आणि तिची चमक वाढवता येते. रात्री अंधाऱ्या स्टेजवर हीच चमक डोळ्यांवर येते, म्हणून कमी-जास्त करता आलीच पाहिजे. तुझ्या ग्रुपमध्ये कुणाला लाल-हिरवा रंग ओळखायला त्रास होत असेल तर नुसत्या रंगावर चालणारा ट्यूनर त्याच्या कामाचा नाही. दिव्यांची जागा सरकणारा किंवा पडद्याचा रंग बदलता येणारा बघा.

बफर आणि ट्रू बायपास यावर पोरं तासन्‌तास भांडतात. तुझ्यापुरतं सांगतो. इलेक्ट्रिकचा साधा पिकअप लांब केबलवर दमतो. गिटारपासून पेडलपर्यंत पाच मीटर आणि पेडलपासून ॲम्पपर्यंत आणखी दहा मीटर असली की आवाजातली तीक्ष्ण धार जाते, ब्लँकेट टाकल्यासारखा येतो. बफर असलेलं पेडल तो सिग्नल ताकदीनं पुढं ढकलतं. टीयू-३ बफरचं आहे, कॉर्गचं पिचब्लॅक ट्रू बायपासचं, म्हणजे बंद असताना सिग्नल जसाच्या तसा पुढं सोडणारं. पॉलिट्यून ३मध्ये आतल्या छोट्या स्विचनं दोन्हीतलं एक निवडता येतं. मोठ्या स्टेजवर लांब केबल घेऊन वाजवत असशील तर बफर घे. जुन्या पद्धतीचं फझ (आवाज खरखरीत करणारं) पेडल असेल तर ते मात्र बफरच्या आधी ठेव, कारण त्याला पिकअप थेट लागतो. आणि तुझ्या अकूस्टिकमध्ये सेलवर चालणारा प्रीअँप असेल, तर हा सगळा वाद तिच्यासाठी गैरलागू आहे. पेडलांच्या साखळीत ट्यूनर नेहमी गिटारच्या बाजूला, कोरस-डिलेसारख्या इफेक्टच्या पेडलांच्या आधी.

पॉलिफोनिक म्हणजे सहाही तारा एकदम छेडून कोणती बिघडली ते दाखवणारा प्रकार. दोन गाण्यांमध्ये झटकन बघायला बरा. मला त्याची गरज पडली नाही.

विजेचं मात्र जपून. बहुतेक पेडल ९ व्होल्टची आणि मध्य निगेटिव्ह, म्हणजे पिनच्या आतल्या भोकात निगेटिव्ह, असतात. एका गावच्या जत्रेत माझा अडॅप्टर घरी राहिला. साऊंडवाल्यानं आपुलकीनं दुसरा आणून दिला, पिन बरोबर बसली. तो कीबोर्डचा होता, १२ व्होल्ट आणि ध्रुव उलटे. पेडल तिथंच गेलं. पिन बसली म्हणजे अडॅप्टर चालतो असं नाही. त्यावर छापलेलं छोटं वर्तुळाचं चित्र वाचल्याशिवाय काहीही जोडू नकोस. आत एक ९ व्होल्टचा सेल कायम ठेव, जनरेटर दमला तरी तू लावू शकशील. आणि कार्यक्रम झाला की पेडलमधून जॅक काढ. जॅक आत राहिला की पेडल चालूच राहतं आणि सकाळपर्यंत सेल संपतो.

बॅगेतली क्लिप कशासाठी, तर पेडल गेलं तर. आणि दुसरी गिटार मागं लावून ठेवायला. तिचा गोल सेल, सीआर २०३२, जास्तीचा एक ठेव.

काही ज्येष्ठ मंडळी म्हणतात की ट्यूनरनं कान बिघडतो. मिरजेत तंबोऱ्याची जवारी कानानं लावणारे कारागीर मी जवळून पाहिलेत, त्यामुळे त्या म्हणण्याबद्दल मला आदर आहे. पण कानाला शांतता लागते. घरी तू रोज एकच तार ट्यूनरवर लाव, बाकी पाच कानानं, आणि मग ट्यूनरवर तपास. कान तयार होईल. स्टेजवर मात्र हलगी चालू असताना कानाची परीक्षा घेऊ नकोस.

ट्यूनर कितीही चांगला असला तरी तार टिकली पाहिजे. रंकाळ्याकाठी दिवाळी पहाटेला वाजवताना पहाटे साडेपाचला गारठा असतो. मी घरून लावून गेलेली गिटार तिथं पोचेपर्यंत चढलेली असते, कारण गारठ्यानं स्टीलची तार आकसते. ती उतरवून लावायची. मग सात वाजता ऊन तारांवर येतं आणि सगळ्या हळूहळू उतरायला लागतात. हॉलमध्ये हेच वरच्या दिव्यांमुळे होतं. म्हणून कार्यक्रमाच्या जागी गिटार निदान अर्धा तास आधी उघडून ठेव, आणि पहिल्या दोन-तीन गाण्यांनंतर दरवेळी पेडलवर पाय. पावसाळ्यात लाकूड ओल धरून फुगतं, तेव्हा तर जास्तच.

लावताना नेहमी खालून वर ये. तार चढली असेल तर थेट उतरवून थांबू नकोस, स्वराच्या खाली ने आणि परत वर आण, म्हणजे खुंटीच्या दात्यातली ढील उरत नाही. खुंटी पिळताना ‘टिक्’ असा आवाज येऊन स्वर उडी मारत असेल तर तार नटच्या (मानेच्या डोक्याकडच्या टोकाला असलेल्या पट्टीच्या) खाचेत अडकतेय. तिथं पेन्सिलचं शिसं घास. इलेक्ट्रिकवर मानेजवळचा पिकअप निवड आणि टोन कमी कर, ट्यूनरचा काटा स्थिर होतो. आणि गाण्यात जेवढ्या जोरानं वाजवतोस तेवढ्याच जोरानं तार छेड. हळूच छेडून लावलेली तार जोरात वाजवली की चढी लागते.

दुकानात जाताना स्वतःची गिटार आणि स्वतःची केबल घेऊन जा. पेडल जमिनीवर ठेवायला सांग, काउंटरवर नको. उभा राहून बघ, दिवे दिसतात का. सहावी तार छेड आणि मनात मोज, स्वर किती वेळात स्थिर दाखवतो. एका सेकंदाहून जास्त काटा इकडेतिकडे फिरत राहिला तर ते पेडल बाजूला ठेव. पाय दे, आवाज पूर्ण बंद होतो का ते ॲम्पला कान लावून ऐक, आणि परत चालू करताना फटका बसतो का तेही. कॅलिब्रेशन ४४२ कर, बंद कर, परत चालू कर, आकडा लक्षात राहतो का बघ. मग परत ४४० कर.